भाऊजींची कॅटामरान आणि माझं वजन

शर्यतीची छोटी कॅटामरान, म्हणजे दोन धडांची शिडाची बोट, पळवायची तर वारा लागतो, पाणी लागतं आणि एक मेहुणा लागतो. मेहुणा मी. भाऊजींनी गोव्यात करंझाळ्याला सेकंडहँड हॉबी 16 जातीची कॅटामरान घेतली आणि माझे रविवार परस्पर तिच्या नावावर झाले. भाऊजींना नाही म्हणायची सोय आपल्याकडे नाही. ताई मजा बघते.

खरं तर बोट साधी आहे. पाचेक मीटर लांब, 145 किलो वजन, केळ्यासारखे वाकलेले दोन हल, म्हणजे बोटीची धडं, आणि मध्ये बसायला ताणलेलं ट्रॅम्पोलिन. कॅलिफोर्नियातला सर्फबोर्डवाला हॉबी ऑल्टर, त्याने ती किनाऱ्यावरून थेट लाटांत ढकलता यावी अशी बनवली. म्हणून खाली डॅगरबोर्ड, म्हणजे बोट आडवी सरकू न देणारी पाण्यातली फळी, नाही. हल बाहेरच्या बाजूने चपटे, आतल्या बाजूने फुगीर, त्यांच्याच जोरावर ती पाणी धरते. त्या भल्या माणसाने सगळं सोपं करून ठेवलं होतं. भाऊजींना सोपं पचत नाही.

आधी डोलकाठी मागे कलवायची. जास्त कलली की मेनच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या, दोरीचे ब्लॉक (कप्प्या) एकमेकांना भिडतात आणि शीड आणखी ताणता येत नाही. शिवाय बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून भाऊजींचा दंड भरून येतो. मग सुकाणूंची पाती खालून पुढे सरकवायची. मग डोलकाठी पुन्हा एक भोक पुढे. मग शिडातल्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, सोडा, बॅटन आवळा, कापडाची सुरकुती जाईपर्यंत.

सगळ्यात हाल सुकाणूंच्या मापाचे. दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर, दोन्ही मोजायची. टेपचं एक टोक माझ्याकडे. मी वाळूत आडवा, नखांत वाळू, डोळ्यांत घाम, आणि वरून आवाज, "अरे, टेप हलतेय!" फरक निघाला दोन मिलिमीटर. भाऊजींचा चेहरा असा पडला, जणू शेअर बाजारच पडला. पलीकडे रापण ओढणारे काका थांबून बघत होते. "मासळी किती मिळता रे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हिशेबात एवढ्या कष्टाला दुसरं कारण असूच शकत नव्हतं.

पाण्यात गेल्यावर मी माणूस उरत नाही, नुसतं वजन उरतो. वारा पडला की "पुढे सरक!", नाहीतर मागची बाजू पाणी ओढते. वारा चढला की "मागे ये!", नाहीतर वाऱ्याआडच्या हलचं नाक पाण्यात घुसतं आणि आपण सगळे कोलांटी मारून समोर. मधल्या काळात मी ट्रॅपीझच्या, म्हणजे डोलकाठीवरून आलेल्या, तारेला बोटीबाहेर लटकून जिबवरच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावरच्या, वारा दाखवणाऱ्या लोकरीच्या धाग्यांकडे बघत असतो. ते सरळ उडाले की भाऊजी खूश.

त्या दिवशी धागे सरळ होते, माप बरोबर होतं, हल पॉलिश केलेले होते. तरी विटक्या शिडांच्या बोटीतली दोन सडपातळ पोरं हसत-हसत पुढे गेली.

रात्री जेवताना भाऊजींनी कारण सांगितलं. या जातीच्या बोटींच्या शर्यतीच्या नियमाने दोघांचं मिळून किमान वजन 129.3 किलो लागतं. आमचं 171 भरतं. "बोटीत आता सुधारायला काही उरलेलं नाही," म्हणत त्यांनी माझ्या ताटातली पुरणपोळी उचलून आपल्या ताटात घेतली.

ताईने विचारलं, "अहो, त्या 171 मध्ये तुमचे किती?"

"तूप वाढ," भाऊजी म्हणाले.