शाप-बीप काही नाही, गोल होत नाहीत

मंडळी, आयर्लंडमधल्या कासलबारला राहायला येऊन सात वर्षं होत आली. मेयो काउंटीतल्या माणसाशी बोलायचे विषय दोनच. पाऊस, आणि यंदा मेयो सॅम आणणार का. सॅम म्हणजे सॅम मॅग्वायर कप, गेलिक फुटबॉलचा ऑल-आयर्लंड चषक. मेयोनं तो शेवटचा जिंकला १९५१ साली. १९८९ पासून अकरा वेळा फायनलला गेले आणि अकराही वेळा हात हलवत परत आले.

मग कुणीतरी शापाची गोष्ट काढतंच. १९५१ ला कप घेऊन येणारी टीम फॉक्सफर्डमध्ये एका अंत्ययात्रेपाशी थांबली नाही, पाद्रीबाबा चिडले आणि म्हणाले, तुमच्यातला शेवटचा माणूस जाईपर्यंत परत जिंकणार नाही. त्या फायनलला मैदानात उतरलेल्यांपैकी शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरात गेले. आता शापाची मुदतही संपली म्हणायची. तरी गोष्ट चालूच आहे, कारण ती सोयीची आहे.

आता माझं म्हणणं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. स्कोअर लिहिताना गोल आधी, पॉइंट नंतर. आता हे बघा. २०१२, डोनेगॉल २-११, मेयो ०-१३. २०२०, डब्लिन २-१४, मेयो ०-१५. २०२१, टिरोन २-१४, मेयो ०-१५. शेवटच्या दोन ओळी टायपिंगची चूक वाटेल, पण नाही, सलग दोन वर्षं हुबेहूब तोच स्कोअर! तिन्ही वेळा दांड्यावरून जास्त चेंडू मेयोनं मारले. जाळ्यात एकही नाही. २०१३ ला एक गोल मारला, डब्लिननं दोन मारले, एका पॉइंटनं हरले. आणि २०१६ चा पहिला सामना तर बघवत नाही. डब्लिनचे दोन गोल, दोन्ही मेयोच्याच खेळाडूंना लागून आत गेलेले. सामना बरोबरीत, आठवडे-दोन आठवड्यांनी पुन्हा फायनल, पुन्हा एका पॉइंटनं हार. २०१७ लाही एकच पॉइंट.

२०२० ची फायनल मी करोनात घरी टीव्हीवर बघितली. चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत डब्लिनचा गोल झाला होता. पंधरा सेकंदही झाले नव्हते. याला शाप म्हणायचं?

ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, हे सगळं जुनं झालं. २०२५ पासून गोलपासून चाळीस मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलं की दोन पॉइंट मिळतात, आता गोलाचं काय अडलंय? मुद्दा चुकीचा नाही. पण त्या नियमाचा फायदा केरी काउंटीला झाला, कारण त्यांच्याकडं डेव्हिड क्लिफर्डसारखा फॉरवर्ड आहे. आपल्याकडं रायन ओडोनोह्यू आहे, उत्तम आहे, पण एकटा आहे. त्याला दोघांनी धरलं की बाकीचे एकमेकांकडं बघतात.

आणि दुसरा आणता येत नाही हीच खरी गोम. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं तालमी, म्हणजे फुटबॉलचे क्लब, हंगामाआधी बाहेरचे खेळाडू आणतात, त्यावरनं पेठापेठांत वाद होतात. इथं तसलं काही नाही. पगार नाही, बोली नाही, लिलाव नाही. ज्या काउंटीचा तू, तिथंच खेळायचं. सकाळी शाळेत शिकवणारा मास्तर संध्याकाळी सरावाला येतो. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमात ऐंशी हजार माणसांसमोर खेळून सोमवारी पुन्हा नोकरीवर. त्यामुळं गोल मारणारा पोरगा हवा असेल तर तो इथल्याच कुठल्यातरी क्लबात, चिखलात, आत्ता बारा वर्षांचा असला पाहिजे.

यंदा टीम अँडी मोरनकडं आहे. स्वतः फॉरवर्ड, २०१७ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्या हरलेल्या फायनलपैकी कितीतरी त्यानं अंगावर घेतलेल्या. बचाव घट्ट करणारे आजवर बरेच येऊन गेले. हा तरी जाळ्याकडं बघायला शिकवेल असं मला वाटतं. गेल्या वर्षी घरच्या मैदानात कॅव्हनकडून हरलो, मग टिरोनच्या घरात जाऊन जिंकलो, आणि डोनेगॉलनं अगदी शेवटच्या क्षणी एका पॉइंटनं बाहेर काढलं. ही टीम कुणालाही हरवू शकते, अगदी स्वतःलासुद्धा.

शेजारचे आजोबा (वय ब्याऐंशी, १९५१ ला शाळकरी पोर) माझे आकडे ऐकून म्हणाले, तू हिशेब चांगला करतोस, पण तू इथं नवीन आहेस.

फायनल जुलैच्या शेवटच्या रविवारी असते. बायको कालच विचारत होती, त्या आठवड्यात कोल्हापूरची तिकिटं काढू का, स्वस्त मिळतायत. मी म्हटलं, ऑगस्टची बघ.