‘एमसीबी आहे ना, मग रिले कशाला?’

छोट्या कारखानदारांच्या आणि वायरमन मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. थोडक्यात तो असा: चांगल्या कंपनीचा एमसीबी (जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट झाला की आपोआप पडणारा, म्हणजे पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर मोटरला ओव्हरलोड रिले (मोटरच्या करंटवर सेट केलेलं, जास्त करंट टिकला की मोटर बंद करणारं उपकरण) लागत नाही, एमसीबी सारखा पडत असेल तर एक नंबर मोठा टाका, आर्थिंगचा खड्डा खणण्यापेक्षा न्यूट्रलच मशीनच्या बॉडीला जोडा, रिले असलाच तर ऑटो रिसेटवर (पडल्यावर आपोआप परत जोडला जाईल असा) ठेवा, आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवला तर यातलं काहीच नको. खाली ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ अशी सही. पॅनेल बांधण्यात माझीही बरीच वर्षं गेलीत, पण अनुभव राहू दे, आकडेच मांडू.

७.५ एचपीची मोटर घ्या. ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला ती साधारण ११ अँपिअर घेते. डीओएल (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरवर सुरू होताना सहा-सात पट, म्हणजे सत्तरेक अँपिअर ओढते. तेवढ्याने पडू नये म्हणून एमसीबी मुद्दाम मोठा घ्यावा लागतो. २० चा धरू. आता चालू मोटरचा एक फेज गेला. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतला) फ्यूज उडाला की हे होतंच. मोटर थांबत नाही, घुमत घुमत लोड ओढत राहते, आणि उरलेल्या दोन फेजमधला करंट सुमारे १.७३ पट होतो, म्हणजे १९ अँपिअर. २० च्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल! डेल्टा जोडणीत (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) तर एका वाइंडिंगमधून नेहमीच्या दुप्पट करंट जातो, आणि उष्णता वर्गाच्या हिशेबाने वाढत असल्यामुळे ती चौपट. एका फेजच्या कॉइल कोळसा आणि बाकी दोन फेजच्या नव्यासारख्या, अशी मोटर समोर आली की रिवाइंडिंगवाला न विचारता सांगतो काय झालं ते. ११ वर लावलेला रिले हाच करंट बघून काही मिनिटांत पडला असता.

रिले ‘उगाच’ पडतो ही तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. ढिला स्क्रू तापतो आणि ती उष्णता आतल्या बायमेटलपर्यंत, म्हणजे तापल्यावर वाकून रिले पाडणाऱ्या पट्टीपर्यंत पोचते. व्होल्टेज साडेतीनशेवर आलं की तेवढ्याच लोडला करंट वाढतो. बेअरिंग कोरडं पडलेलं असतं. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेज मोजायला दोन मिनिटं लागतात. उलट चूकही दिसते: स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) रिले मेन कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकीय स्विचच्या) पुढे, वाइंडिंगच्या वाटेत असेल तर सेटिंग ०.५८ पट ठेवायचं असतं, म्हणजे इथे ६.४. ते ११ वर असलेली पॅनेलं मी मोजायची सोडून दिलीत. तो रिले असून नसल्यासारखा.

मोठा एमसीबी टाकण्याचं म्हणाल, तर आधी वायर बघा. पाइपातून नेलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंशांना साधारण २८ अँपिअर पेलते. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून कमी. ४० चा एमसीबी ४५ अँपिअरला तासभर पडायचा नाही, एमसीबीच्या मानकातच तसं लिहिलंय. तोवर वायरचं इन्सुलेशन शिजत राहील.

न्यूट्रलचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटला (तिन्ही फेजची वाइंडिंग जिथे एकत्र येतात तिथे) न्यूट्रल आणि आर्थ जोडलेले असतात, हे बरोबर. पण कारखान्यात बॉडीला न्यूट्रल जोडला आणि तो मागे कुठे तुटला, तर पॅनेलमधल्या दिव्यातून, कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून फेज सरळ बॉडीवर येतो. मोटर बंद असतानाही. म्हणूनच आपल्याकडच्या नियमांत मोटरच्या फ्रेमला दोन स्वतंत्र आर्थ जोडण्या सांगितल्या आहेत.

आणि नुसता खड्डा खणूनही भागत नाही. समजा खड्ड्याचा रोध ३ ओहम, ट्रान्सफॉर्मरकडचा २ ओहम. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ‘सी’ प्रकारचा २० चा एमसीबी लगेच पडायला १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ ला तो तापून पडेपर्यंत बॉडीवर १३८ व्होल्ट उभे असतात, आणि मशीनला हात लावणारा माणूस तेवढा वेळ थांबत नाही. अशा जागी आर्थ लीकेज रिले किंवा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारं उपकरणच हवं.

ऑटो रिसेटबद्दल एवढंच: थंड झालेला रिले स्वतःहून जोडला गेला आणि कंट्रोल सेलेक्टर स्विचवर (पुश बटणावर नव्हे, ‘ऑन’लाच राहणाऱ्या स्विचवर) असेल, तर पट्ट्यात हात घालून ‘का बंद पडलं’ ते बघणाऱ्याच्या अंगावर मशीन सुरू होतं.

राहिला ड्राइव्ह. तो मोटरचा करंट बघतो हे खरं, पण नेमप्लेटवरचा आकडा त्यात भरला असेल तरच. एका ड्राइव्हवर तीन मोटरी असतील तर त्याला फक्त बेरीज दिसते. प्रत्येकीला वेगळा रिले लागतोच. ड्राइव्हकडे येणारी केबल तर तो वाचवू शकतच नाही, तिला मागे फ्यूज किंवा ब्रेकर हवा. शिवाय ड्राइव्हच्या पोटातल्या कपॅसिटरवर ५८७ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि मेन बंद केल्यावरही तो काही मिनिटं टिकतो. किती मिनिटं थांबायचं ते झाकणावर छापलेलं असतं. झाकण उघडण्याआधी ते वाचा, आणि मग मीटर लावूनच आत हात घाला.