बटणात न मावणारं गाव

वेब डेव्हलपरचं सगळ्यात लाडकं गाव म्हणजे बीड. तिथले रस्ते, पाणी, राजकारण यांच्याशी मला देणंघेणं नाही. नाव आखूड आहे, एवढ्यावरच मी खूश. कुठल्याही बटणात बसतं आणि वर जागा उरते. परळी वैजनाथ किंवा औंढा नागनाथ लिहायची वेळ आली की मात्र घाम फुटतो, आणि देवाचं नाव असल्यामुळे तक्रारही करता येत नाही.

सध्या माझ्याकडे लातूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्या काकांचं तिकीट बुकिंगचं काम आहे. 'कुठून', 'कुठे', तारीख आणि 'गाडी शोधा' असं बटण. झालं. डिझाइन पुण्याहून आलं. डिझायनरने रकान्यांत नमुना म्हणून 'पुणे' आणि 'मुंबई' भरलं होतं आणि ते इतकं देखणं दिसत होतं की चौकट करून भिंतीवर लावावं. पुण्याहून निघालेला माणूस मुंबईखेरीज कुठे जाऊ शकतो, ही शंका त्याला शिवलीही नव्हती. मी 'पुणे' खोडून 'छत्रपती संभाजीनगर' लिहिलं. तारखेचा रकाना खालच्या ओळीत घसरला आणि बटण पडद्याच्या बाहेर गेलं.

शहराचं नाव फेब्रुवारी 2023 मध्ये बदललं. त्यावर माझं मत विचारू नका, मी रुंदी मोजणारा माणूस आहे. रोमन लिपीत जुनं नाव 10 अक्षरांचं होतं, नवं मधली मोकळी जागा धरून 25. धाराशिवने मात्र मन जिंकलं. रोमन लिपीत उस्मानाबादची 9, धाराशिवची 9. एक पिक्सेल हलला नाही. दोन्ही नावांना केंद्राची मंजुरी एकाच दिवशी मिळाली, पण माझी झोप एकानेच उडवली.

त्यात काकांच्या जुन्या डेटाबेसमध्ये गावाच्या नावाला 20 अक्षरांची मर्यादा. कुण्या पूर्वसूरींनी घालून ठेवलेली. रोमन लिपीतल्या नव्या नावाची पहिली 20 अक्षरं घेतली तर बरोबर 'छत्रपती संभाजी' एवढंच उरतं. तिकिटावर तेच छापून आलं. काकांचा फोन आला, "इंजिनिअर, पॅसेंजर लातूरहून बसायलाय अन् उतरायलाय थेट महाराजांपाशी!"

मी सुचवलं, पेपरवाले लिहितात तसं 'छ. संभाजीनगर' करू. पलीकडे थोडा वेळ शांतता. "महाराजांच्या पदवीला टिंब? तुम्हाला लावायचं तर लावा, खाली तुमचा मोबाइल नंबर तेवढा द्या." मी मुकाट्याने मर्यादा वाढवली.

नाव मावलं तरी देवनागरीचा हिशेब संपत नाही. आपली लिपी रोमनसारखी एका ओळीत गुमान बसत नाही. तिला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार लागतात आणि खाली उकार. डिझायनरने ओळीची उंची अक्षराच्या मापाइतकीच ठेवलेली आणि बाहेर डोकावेल ते छाटण्याचा हुकूम. पडद्यावर परभणीचं 'परभणा' झालं, नांदेडचं 'नादड'. जालना तेवढं सहीसलामत सुटलं. मग मथळ्यातली अक्षरं 'मोकळी' करायचा आग्रह झाला. इंग्रजीत अक्षरांमध्ये अंतर टाकलं की उंची वाटतं. मराठीत शिरोरेषा जागोजागी तुटते आणि प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं राहतं. डिझायनर म्हणाला, "मला तर छान दिसतंय." तो मराठी वाचत नव्हता, नुसतं बघत होता.

यादीचा क्रम आणखी वेगळा. इंग्रजीत धाराशिव वर सरकलं, मराठीत 'उ'वरून थेट 'ध'वर उतरलं. लोक अजून 'औ' टाइप करून बघतात, म्हणून शोधामध्ये जुनी-नवी सगळी नावं भरून ठेवावी लागली.

रविवारी मी देवगिरीवर जातो. इतर डेव्हलपर महागडे कीबोर्ड जमवतात, मी पायऱ्या चढतो. पण डोक्यातून काम जाईल तर शपथ. 1327 च्या सुमारास तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि काही वर्षांत परत नेली. आमच्याकडे याला मायग्रेशन आणि रोलबॅक म्हणतात, फक्त आम्ही माणसांना चालवत नेत नाही. नाव त्याने दौलताबाद केलं. संगणक काना-मात्रा सुट्या मोजतो, त्या हिशेबाने देवगिरी 7 आणि दौलताबाद 8. एवढं चालतं.

तिथली अंधारी मला सगळ्यात आवडते. खडकात कोरलेली वळणावळणाची वाट, आत मिट्ट काळोख, शत्रूला चकवण्यासाठी केलेली रचना. गाईड मोठ्या अभिमानाने सांगतात की इथे वरून उकळतं तेल ओतत. यादवांच्या कारागिरांबद्दल मला आदर वाटतो, कारण असलं काही त्यांनी निदान शत्रूसाठी केलं. आमच्या धंद्यात ते गिऱ्हाइकासाठी करतात. 'चालू ठेवा' हिरवंगार आणि हातभर, 'रद्द करा' राखाडी आणि तिळाएवढं.

काकांनीही सांगितलंच होतं, "तिकीट रद्द करायचं जरा आत ठेवा."

"आत म्हणजे किती?"

"सापडू नये असं नाही. पण सापडायला दम लागावा."

मी ते ठळक जागी ठेवलं आणि नियमाने तसंच लागतं म्हणून सांगितलं. कुठला नियम, ते त्यांनी विचारलं नाही.

शेवटी सगळं बसलं. माझ्या मोबाइलवर बसलं, लॅपटॉपवर बसलं, बायकोच्या जुन्या फोनवरसुद्धा बसलं. मंजुरीसाठी लिंक काकांना पाठवली. त्यांची दृष्टी जरा अधू, म्हणून फोनमधली अक्षरं त्यांनी सगळ्यात मोठी करून ठेवलेली असतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पडद्यावर फक्त 'छत्रपती' मावलं आणि बाकीचं शहर तीन ओळी खाली गेलं.

फोन आला. "इंजिनिअर, काम भारी झालंय. फक्त गाडी शोधायचं बटण तेवढं सापडंना."

म्हटलं, "काका, जरा दम लागणारच."