हिंगाष्टकाच्या बाटलीतल्या गोळ्या

परवा दुपारी बडोद्यात दांडिया बाजारात ताईकडे गेलो, तर ती जेवणाच्या टेबलावर बसून गोळ्या सोलत होती. शेंगा सोलाव्यात तशा. स्ट्रिप उलटी धरायची, अंगठ्याने दाबायचं, फॉइल फाटून टक्कन आवाज झाला की गोळी बाटलीत. बाटली हिंगाष्टक चूर्णाची, धुऊन वाळवलेली. साठेक गोळ्या आत गेल्या होत्या आणि रिकाम्या स्ट्रिपा केराच्या डब्यात. भाची ऑक्टोबरात हॅम्बुर्गला नोकरीवर रुजू होतेय, तिच्या डिप्रेशनच्या गोळ्या. (हे तिला विचारूनच लिहितोय. "लिही मामा, आईलाही वाचायला दे," म्हणाली.)

"एअरपोर्टवर पकडतात ना रे," म्हणत ताईने फोन पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज, ‘मुलं परदेशी जाणाऱ्यांनी वाचाच’. मूळ गुजराती असणार, कारण मराठीत मध्येच ‘गोळी तरत (म्हणजे लगेच) बंद करावी’ तसंच राहून गेलंय. त्याचा सारांश असा: डिप्रेशनची गोळी सामानात सापडली की विमानतळावरच अटक होते, म्हणून ती चूर्णाच्या किंवा व्हिटॅमिनच्या बाटलीत घालून न्या. त्याहून बरं म्हणजे निघायच्या आठ दिवस आधी बंदच करा. व्यसन लावणारं औषध आहे, आठ दिवसांत शरीर स्वच्छ होतं. तिकडच्या डॉक्टरकडे गेलात तर कंपनीला कळतं आणि व्हिसा जातो. तिकडे या गोळ्या मिळत नाहीत, घरून कुरियरने मागवा. शिवाय घड्याळ बदललं की गोळी उलटते. शेवटी हात जोडलेले, ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी मुलगा वाचेल’.

रावपुऱ्यात माझं सत्तावीस वर्षं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण स्ट्रिप कशासाठी असते एवढं मला कळतं.

स्ट्रिपवर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, बॅच नंबर, मुदत, कंपनी सगळं छापलेलं असतं. ती गोळीची ओळख. बाटलीत गेली की गोळी निनावी झाली. पांढरी, गोल, कुणाचीही, कशाचीही. कस्टमचा माणूस बाटली उघडणार, वर गुजरातीत हिंगाष्टक आणि आत साठ पांढऱ्या गोळ्या. एरवी त्याने बघून न बघितल्यासारखं केलं असतं अशा सामानाला आपणच चोरट्या मालाचं रूप द्यायचं, आणि वर याला सावधगिरी म्हणायचं! एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची नेहमीची औषधं मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत. जर्मनीत प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती, साधारण तीन महिने पुरतील एवढी औषधं नेता येतात. स्ट्रिप, चिठ्ठी, बिल, आणि मूळ नाव व डोस लिहिलेलं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, सगळं हातातल्या बॅगेत. बॅग चुकली तरी गोळ्या चुकायला नकोत.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. मेसेजवाल्याच्या अटकेच्या गप्पांत एक कण खरा आहे, फक्त तो त्याला स्वतःलाच माहीत नाही. आपल्याकडे एसिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम हे घबराट शमवणारं औषध मिसळलेली गोळी सर्रास चालते. नावापुढे बहुतेक ‘प्लस’ असतं. क्लोनाझेपाम मात्र त्या १९७१ च्या यादीत आहे. अल्प्राझोलामही. झोपेसाठी देतात ते झोल्पिडेमसुद्धा. पहिले दोनतीन आठवडे घाबरं होऊ नये म्हणून डॉक्टर ‘प्लस’ लिहितात, पेशंट पुन्हा दाखवायला जात नाही, आणि वर्षभर तीच चिठ्ठी माझ्यासारख्यांच्या काउंटरवर फिरत राहते. घेणाऱ्याला आपण दोन औषधं घेतोय हेच ठाऊक नसतं. यात आम्ही दुकानदारही धुतल्या तांदळासारखे नाही. असली गोळी घेऊन दुबईला जायचं तर अमिरातीच्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. जपानात तर कुठलंही चिठ्ठीचं औषध एक महिन्यापेक्षा जास्त न्यायचं असेल तर आधी अर्ज करून दाखला घ्यावा लागतो. म्हणून स्ट्रिप फाडायच्या आधी वाचा. क्लोनाझेपाम दिसलं तर निघायच्या दोनतीन महिने आधी डॉक्टरांकडे जा आणि हे अजून लागतंय का ते विचारा. तेही मनाने एकदम सोडायचं नसतं. त्यात तर झटके येण्याचा धोका असतो.

आणि आता तो ‘तरत बंद करा’वाला मुद्दा. बाटलीचं हसून सोडून दिलं असतं, याने माझं डोकं फिरलं.

दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंत आपल्याकडे बाजार अर्धा झोपलेला असतो. एका वर्षी माझंही दुकान चार दिवस बंद होतं. पाचमीला शटर वर करतोय तोच एक नेहमीचे गृहस्थ पायरीवर बसलेले. वेन्लाफॅक्सिन हे डिप्रेशनचंच एक औषध घेणारे. गोळ्या संपल्या, चार दिवसांनी काय होतंय म्हणून थांबले. उठताना त्यांनी माझा खांदा धरला. म्हणाले, मान वळवली की डोक्याच्या आत शॉक बसतो, करंट लागल्यासारखा, आणि रात्रभर भलतीसलती स्वप्नं. त्यांना वाटलं मेंदूत काही झालं. काही झालं नव्हतं, औषध अचानक तुटलं होतं. वेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन शरीरातून भराभर उतरतात, त्यामुळे त्यांचं असं होतं. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, तिथे त्रास कमी. ‘आठ दिवसांत स्वच्छ’ हे म्हणूनच दोन्हीकडून चूक आहे: एक औषध आठ दिवसांत निघत नाही, आणि दुसरं निघतं तेच तर दुखणं.

मग व्यसनच की, असं ताई म्हणाली. नाही. व्यसनात माणूस डोस वाढवत जातो, गोळीसाठी तळमळतो. सत्तावीस वर्षांत एसिटालोप्रामची एक जास्तीची स्ट्रिप द्या म्हणून कुणी माझ्याशी भांडलेलं नाही. खोकल्याच्या औषधासाठी भांडलेत. पण सोडताना त्रास होतो हे खरं, आणि तो किती होतो हेही मोजलेलं आहे. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये २०२४ साली ७९ अभ्यास एकत्र करून, एकवीस हजारांवर लोकांचा हिशेब मांडला गेला. डिप्रेशनचं औषध सोडणाऱ्यांत १०० पैकी सुमारे ३१ जणांना काही ना काही त्रास झाला. आणि गंमत म्हणजे तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली खोटी गोळी सोडणाऱ्यांतही सुमारे १७ जणांना झाला. तीव्र त्रास झालेले ३५ मध्ये एक. म्हणजे भिऊन आयुष्यभर चिकटून राहावं असं नाही, आणि विमानाच्या आदल्या आठवड्यात तोडून टाकावं असंही नाही. सोडायचं असतं ते डॉक्टरांना सांगून, पायरीपायरीने, आणि बरं वाटायला लागल्यावर निदान सहा महिने घेऊन मग.

मुहूर्त तरी बघा या शहाण्यांचा. पोरगी घर सोडणार, भाषा नवी, साहेब नवा, जेवण हाताने करायचं. त्यात हॅम्बुर्गला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे चारला सुरसागर तळ्याच्या पाळीवर बसवत नाही एवढं ऊन असतं. नेमक्या त्या काळोखाच्या तोंडावर औषध काढून घ्यायचं?

उरलेलं पटकन. कंपनीला कळत नाही. जर्मनीत डॉक्टरने गुपित फोडणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि आजारपणाच्या रजेच्या दाखल्यात मालकाला आजाराचं नाव दिसतच नाही. खासगी आरोग्य विमा काढायला गेलात तर मात्र मागचे उपचार विचारतात, तेव्हा लपवू नका; नोकरदारांच्या सरकारी पद्धतीच्या विम्यात तो प्रश्न येत नाही.

गोळ्या मिळत नाहीत म्हणे! एसिटालोप्राम तिथे त्याच नावाने मिळतं. आपला इथला ब्रँड मात्र तिथे कुणाला कळणार नाही, म्हणून मूळ नाव पाठ करा. इथली चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. पण तिथला फॅमिली डॉक्टर लिहून देऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञाची वेळ मिळायला महिनेही लागतात, त्यासाठी ११६११७ हा नंबर आहे. तीन महिन्यांचा साठा नेमका याचसाठी न्यायचा. चिठ्ठी आता विम्याच्या कार्डावरून थेट दुकानदाराला दिसते (हे ऐकून मला जरा हेवाच वाटला), आणि पाकिटामागे आपल्या खिशातून बहुधा पाच ते दहा युरो. कुरियर मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसाने टपालाने औषध मागवायला तिथे सहसा बंदी आहे, पार्सल कस्टममध्ये अडकतं. घड्याळाचं म्हणाल तर फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. इथली रात्री दहाची गोळी तिथे संध्याकाळी साडेपाच-साडेसहाला येईल. रोज थोडी पुढे सरकवत न्यायची. उलटतं ते दूध.

ताईच्या त्या साठ गोळ्या परत स्ट्रिपमध्ये जाणार नव्हत्या. भाचीने त्या निघेपर्यंत इथेच घ्यायच्या ठरलं, आणि नेण्यासाठी नवीन नऊ स्ट्रिपा बिलासकट दिल्या. ते बिल ताईने भाखरवडीच्या पुड्याला रबराने लावलं होतं, ते काढून बॅगेत ठेवलं.

हेच सगळं थोडक्यात मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, एकाने गणपतीचा फोटो टाकला. रात्री अकराला समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंचा वेगळा मेसेज आला: "भाऊ, मुलगा मस्कतला आहे. त्याच्या स्ट्रिपवर प्लस लिहिलंय. फोटो पाठवू का?"

पाठवा म्हटलं.