राहायला गेले होते

अमेरिकेहून परत येऊन पंधरा दिवस झाले. भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" नायगारा? नाही. न्यूयॉर्क? नाही. निदान ग्रँड कॅन्यन? तेही नाही. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव उमटते, बिचारीला कुणी फिरवलंच नाही! म्हणून आज सविस्तर लिहितेय. तिकीट काढायच्या आधीच मी भाचीला सांगितलं होतं, मी तुझ्याकडे राहायला येतेय, फिरायला नाही. पाच आठवडे राहिले आणि एकच गाव पाहिलं, कोलोरॅडो राज्यातलं बोल्डर.

आमच्या लहानपणी सुट्टी लागली की आम्ही मामाकडे, आत्याकडे राहायला जायचो. चांगलं महिनाभर. तिथे आपल्याला कुणी काही दाखवत नसे. चार दिवस लाड व्हायचे, पाचव्या दिवशी गिरणीतून दळण आणायला पिटाळायचे, आणि तिथून पुढे आपण त्या घरचे. आता पाहुणे येतात ते दोन रात्री, हातात यादी घेऊन. परदेशी गेलेल्या मुलांकडे जाणारे आईवडीलसुद्धा तसेच. पोरांनी वर्षभर जपलेल्या रजा विमानतळ, हॉटेलं आणि गाडी चालवण्यात संपतात. परत आल्यावर फोटो हजारभर असतात, पण लेकीच्या घरात गॅस कुठून बंद होतो ते आईला ठाऊक नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

माझ्या जाण्यामागे कारणही होतं. ताई जाऊन चार वर्षं झाली. भाची तेव्हा धावत आली आणि तेराव्यानंतर लगेच परत गेली, कारण नोकरी होती, लेक तीन वर्षांची होती. "माय मरो पण मावशी जगो" ही म्हण मला कधी आवडली नाही. पण ताई गेल्यावर त्या म्हणीतला मावशीचा वाटा माझ्यावर आला. लग्न झालेल्या मुलीला माहेर लागतं, वयाची चाळिशी आली तरी लागतं. तिला येणं जमत नव्हतं, म्हणून मी मेतकूट, गोडा मसाला आणि कुरडया घेऊन निघाले.

बोल्डर समुद्रसपाटीपासून साधारण ५,४३० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही हजारेक फूट उंच. पहिले तीन दिवस जिना चढला तरी धाप लागायची, ओठ फुटायचे, आणि मी लिटरच्या लिटर पाणी पीत होते. तिथे पाणी शंभर अंशांना न उकळता चौऱ्याण्णव-पंचाण्णवलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही. भूगोल शिकवताना हे मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहिलंय. स्वतः गॅससमोर पळी घेऊन उभं राहून कळलं ते निराळंच. उलट हवा इतकी कोरडी की सकाळी गॅलरीत वाळत टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळायची.

गावाच्या पश्चिमेला फ्लॅटआयर्न्स नावाचे कडे उभे आहेत. जुन्या लोखंडी इस्त्र्या शेजारी शेजारी टेकवून ठेवाव्यात तशा तिरक्या, तांबूस शिळा. मी सातारची. डोळे उघडले की अजिंक्यतारा दिसायची सवय, त्यामुळे गावाच्या डोक्यावर डोंगर हवाच, त्याशिवाय मला दिशा कळत नाहीत. पण आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, आडवे, माथा सपाट. तिथला खडक वालुकाश्म, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आधीचा एक पर्वत झिजला, त्याची वाळू आणि गोटे साठून हा खडक झाला, आणि पुष्कळ नंतर आजचे रॉकी पर्वत वर येताना त्यांनी हा खडक तिरका उचलला. त्या उचलण्याच्या काळातच, साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास, इकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. हे नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुझा डोंगर आणि माझा डोंगर एकाच वेळी उठले, मावशीआजी?" सत्तावीस वर्षं नोकरी केली, इतकं चांगलं वाक्य वर्गात ऐकलं नव्हतं.

दिवस असे जायचे. सकाळी नातीला उन्हाळी शिबिराला सोडायचं, मग मी एकटी बसने हिंडायचे. तिथल्या बसची नावं हॉप, स्किप, जंप! नाव लक्षात राहतं म्हणून माझ्यासारखीही चुकत नाही. विद्यापीठाचा परिसर मी आठवड्यातून तीनदा तरी गाठायचे. १८७६ साली कोलोरॅडो राज्य झालं आणि त्याच वर्षी हे विद्यापीठ स्थापन झालं. भिंती तिथल्याच वालुकाश्माच्या, वर तांबडी कौलं. कौलं पाहून मला घरी आल्यासारखंच वाटलं. इथल्याच प्रयोगशाळेत १९९५ साली एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी बोस-आइन्स्टाइन संघनित, म्हणजे अतिशय थंड केलेले अणू जणू एकच होऊन वागतात ती पदार्थाची अवस्था, पहिल्यांदा प्रत्यक्षात तयार केली, आणि त्याबद्दल त्यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं. सत्येंद्रनाथ बोसांनी ढाक्यात बसून मांडलेलं गणित सत्तर वर्षांनी या डोंगराच्या पायथ्याशी खरं ठरलं. जावईबापूंनी ती इमारत दाखवली तेव्हा मी नकळत हात जोडले.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती जागा शोटाक्वा. फ्लॅटआयर्न्सच्या अगदी पायाशी मोठं गवताळ उतरण आहे, लाकडी सभागृह आहे, छोटी छोटी घरं आहेत. टेक्सासचा उन्हाळा सोसवेना म्हणून तिथल्या शिक्षकांना थंड हवेत शिकायला, व्याख्यानं ऐकायला १८९८ मध्ये हे उभारलं. शिक्षकांनी सुट्टीत यावं, राहावं, ऐकावं, डोंगरात चालावं, यासाठी कुणीतरी गाव वसवलं होतं! मी तिथल्या बाकावर बसून कितीतरी दुपारी काढल्या.

तिथे बसूनच एक प्रश्न पडला. गाव इतकं महागडं, जागेला इतकी मागणी, मग या उतारावर बंगले कसे नाहीत? एका हॉटेलचीही पाटी नाही? दोन दिवसांत पाहून निघाले असते तर हा प्रश्न पडलाही नसता. जावईबापूंना विचारलं, मग ग्रंथालयात बसून वाचलं. १९५९ साली गावकऱ्यांनी मतदान करून ठरवलं की ५,७५० फुटांच्या वर नगरपालिका पाणी देणार नाही. डोंगर विकत न घेता, कुणाशी न भांडता, फक्त नळ तिथवर न्यायचा नाही. त्याला तिथे निळी रेषा म्हणतात. मग १९६७ मध्ये लोकांनी स्वतःवरच विक्रीकर बसवून घेतला, शंभर डॉलरमागे चाळीस सेंट, आणि त्या पैशांतून मोकळ्या जमिनी घेत गेले. त्याही आधी, १९२९ साली, गावाने आपलं पाणी जिथून येतं ती आरापाहो हिमनदी विकत घेऊन ठेवली होती.

हे वाचलं आणि मला कासचा तलाव आठवला. साताऱ्याला पिढ्यान् पिढ्या पाणी कासने दिलं. पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्याच रस्त्याच्या दुतर्फा काय काय उभं राहिलंय ते सातारकर रोज बघतात. आपणही मत देतो, कर भरतो. डोंगरासाठी असं मत मागायला आजवर कुणी माझ्या दारात आलेलं नाही. आलं तर मी कर वाढवून द्यायला तयार आहे, हे इथे जाहीर लिहिते.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. डोंगर मोकळा राहिला तसे खालच्या घरांचे भाव आभाळाला भिडले. हॉटेलात भांडी घासणारे, बस चालवणारे, शाळेत शिकवणारेसुद्धा पुष्कळजण दुसऱ्या गावांतून येतात, कारण तिथे राहणं परवडत नाही. आणि ज्या हिमनदीचं नाव आरापाहो, ते आरापाहो लोक या खोऱ्यात हिवाळे काढायचे. १८५८ साली सोनं शोधणारे आले आणि काही वर्षांतच मूळ लोकांना तिथून हुसकलं गेलं. डोंगर बघताना हेही डोळ्यांसमोर असायला हवं.

ऑगस्ट उजाडला तसं गाव पालटलं. भाडेकरार संपले, रस्त्याच्या कडेला सोफे, दिवे, गाद्या येऊन पडल्या, नवी पोरं त्या उचलून नेऊ लागली. आईवडील गाडीतून खोकी उतरवताहेत, एखादी आई कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसतेय. शनिवारी तेराव्या रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो, शेजारीच ताजिकिस्तानातल्या दुशान्बे शहराने भेट दिलेलं चहाघर आहे. ताजिक कारागिरांनी हातांनी कोरलेलं, रंगवलेलं छत, १९९८ मध्ये उघडलेलं. त्या बाजारात ऑगस्टात पीच येतात आणि गोड मक्याची कणसं येतात. मी कणसं किसून खोबरं-कोथिंबीर घालून कीस केला. जावईबापू म्हणाले, "मावशी, हे उद्या परत करा." नातीने तर तव्याला लागलेली खरपुडीसुद्धा सोडली नाही.

आणि एकोणिसाव्या दिवशी भाची बोलली. तारीख लक्षात आहे म्हणून सांगते, एकोणिसाव्या दिवशी. आम्ही दोघी बोल्डर क्रीकच्या काठावर खडकावर बसलो होतो, पाण्यात पाय सोडून. बर्फाचं पाणी, पाय बधिर होतात. पोरं टायरच्या ट्यूबवर बसून ओरडत खाली वाहत जात होती. ती एकदम म्हणाली, "मावशी, आईचा शेवटचा फोन आला ना, ती विचारत होती मेतकूट पोचलं का. मी म्हटलं मीटिंग आहे, नंतर बोलते. ते मेतकूट अजून फ्रीझरमध्ये आहे. मी फोडलं नाही." इतकंच. मग ती रडली, मी रडले, पाय पाण्यातच होते. चार वर्षं दर रविवारी आम्ही फोनवर बोलत होतो, आणि हे तिने सांगितलं नव्हतं.

हे पाच दिवसांच्या भेटीत आलं नसतं. पहिल्या आठवड्यात ती मला जपत होती, दुसऱ्यात आपलं सगळं किती छान चाललंय ते दाखवत होती. तिसऱ्या आठवड्यात एकदा चिडली माझ्यावर, मी तिचं स्वयंपाकघर लावून ठेवलं म्हणून. आणि त्यानंतर दोन दिवसांनी हे. आम्ही त्या दिवशी ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर असतो तर तिने गाडी चालवली असती आणि मी फोटो काढले असते.

म्हणून तिकडे जाणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना कळकळीने सांगते, एक तरी आठवडा काहीही ठरवू नका. पोरांच्या घरी दळण आणायला पिटाळलं जाल इतके दिवस राहा. मुलांनाही सांगते, आईवडिलांना दाखवायला काही नाही म्हणून लाजू नका. तुमचा बसथांबा दाखवा, तुम्ही भाजी कुठून घेता ते दाखवा, एकटं वाटलं की कुठे जाऊन बसता ते दाखवा.

निघताना मी तिची ओटी भरली. नारळ भारतीय दुकानातून आणला, बाजूला बाजारातले पाच पीच ठेवले. फ्रीझरमधल्या त्या पुडीबद्दल मी काही बोलले नाही, तिनेही काढली नाही.

परवा शनिवारी रात्री तिचा फोन आला, तिच्याकडे सकाळ. "मावशी, मेतकुटाला हरभरा डाळ किती आणि तांदूळ किती? आणि सगळं वेगवेगळंच भाजायचं ना?" म्हटलं, वेगवेगळंच, मेथी अगदी थोडी, सुंठ शेवटी. फोन ओट्यावर ठेवून ती डाळ भाजायला लागली. मी इथे अंधारात पलंगावर बसून कढईतला उलथन्याचा आवाज ऐकत राहिले. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. डाळीचा आवाज हलका झाला, खुळखुळ वाजायला लागली, तेव्हा मी म्हटलं, आता आच बारीक कर.