काका, गाणं एवढंच आहे

मागच्या महिन्यात कराडकडं मामेभावाच्या पोराची हळद होती. मांडवाबाहेर टेम्पो, टेम्पोवर बॉक्सची भिंत, खाली बेस, वर टॉप, मागं जनरेटर धडधडतोय आणि लॅपटॉपसमोर एकोणीस-वीस वर्षांचं एक पोरगं, टोपी उलटी घातलेलं. मी जाऊन त्याच्या शेजारीच उभा राहिलो. जुनी खोड आहे, कुठल्याही लग्नात आधी मिक्सर बघायचा, मग नवरा. तर स्क्रीनवर फोल्डर उघडा होता, नाव "रील ट्रेंडिंग नवीन", आणि त्यातलं गाणं वीस-पंचवीस सेकंद वाजलं की पुढचं, परत वीस-पंचवीस सेकंद की पुढचं. हुक, म्हणजे गाण्यातला डोक्यात बसणारा तुकडा, आला, पोरं उसळली, मोबाईल वर गेले, कट. साडेसातपासून दहापर्यंत शंभरावर गाणी वाजली असतील, पूर्ण एकही नाही.

मधेच एक गाणं लागलं, बाईचा आवाज, खाली संबळ घेतलेला, बरं वाटलं कानाला. मी म्हटलं अरे हे जरा पुढं जाऊ दे की. तर शेजारी भावाची धाकटी पोरगी उभी होती, आठवीतली, तिनं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि म्हणाली, "काका, गाणं एवढंच आहे."

एवढंच नाहीये गं बाई! घरी येऊन यूट्यूबवर शोधलं, साडेतीन मिनिटांचं आहे, दोन कडवी आहेत, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी संबळाचा एक तुकडा आहे तो तर फार भारी. पण तिच्या लेखी ते गाणं पंचवीस सेकंदांचंच, कारण तिला ते रीलमध्येच भेटलं, तिथंच पाठ झालं, त्याला मागंपुढं काही असतं हे तिला कुणी सांगितलंच नाही.

(जाता जाता: आमच्याकडं ह्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. बाकीकडं डीजे म्हणतात, म्हणजे तिथंही डीजे हा माणूस नसतो, बॉक्सच असतात, "डीजे लावलाय का" असंच विचारतात. आणि गंमत बघा, खऱ्या रे डॉल्बी साहेबानं १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. नको तो आवाज घालवण्यात ज्याची हयात गेली त्याच्या नावानं आमच्याकडं दर गणपतीत पोलिसांना डॉल्बीमुक्तीचं आवाहन करावं लागतं.)

तर मी का चिडलो ते सांगतो. डिप्लोमाला असताना, २००६-०७ च्या सुमारास, मी एका साऊंडवाल्याकडं सुट्टीत कामाला जायचो. वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात केली आणि पुढं मित्राच्या कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ ह्या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवर, आम्ही त्याला फ्रूटीच म्हणायचो, रिमिक्स करायला लागलो. तयार झालेलं गाणं स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानात द्यायचं, तिथं काचेवर पाटी, "गाणी भरून मिळतील", कार्ड भरायचे तीस रुपये, आणि आठवड्यात तुमचं गाणं दुसऱ्या तालुक्यात वाजलेलं असायचं. चोरी करू नये म्हणून मधेमधे आपल्या नावाची टेप घालायची, "डीजे अमुक इन द मिक्स", आणि मूळ गाणंच आपण चोरलेलं आहे ह्याची कुणाला लाज नव्हती. मला तर अजिबातच नव्हती.

त्या रिमिक्समध्ये पहिलं मिनिटभर नुसता ठेका असायचा. गाणं नाही, आवाज नाही, फक्त धप धप धप. नवीन माणसाला वाटायचं फाईल बिघडली. पण ती जागा दुसऱ्या ऑपरेटरसाठी असायची, म्हणजे आधीचं गाणं चालू असताना त्याच्या ठेक्यावर ह्याचा ठेका बसवायचा आणि हळूहळू एक खाली घ्यायचं, दुसरं वर आणायचं. नाचणाऱ्याला कळतच नाही गाणं कधी बदललं, पाय थांबत नाहीत. आमचे उस्ताद, म्हणजे तेच साऊंडवाले, सांगायचे, पहिल्या अर्ध्या तासात भारी गाणं लावायचंच नाही, नाहीतर पुढं काय भजन लावणार का. लोकांना आधी घाम येऊ दे.

आता बघा, क्लबचा सगळा इतिहासच गाणं लांबवण्याचा आहे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्ककडं टॉम मौल्टन नावाचा एक माणूस होता, त्याच्या लक्षात आलं की नाचणारे जरा कुठं रंगात येतात तोवर तीन मिनिटांचं गाणं संपतं आणि लोक फ्लोअर सोडून जातात. म्हणून त्यानं टेप कापून जोडून गाणी लांब करायला घेतली, मधे गायकाला काढून नुसता ठेका ठेवला, मग एकेक वाद्य परत आणलं. पुढं एकदा तबकडी कापताना नेहमीच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून मोठी वापरली, खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि आवाज असा दणदणीत आला की तिथूनच १२ इंची सिंगल सुरू झाली, खास क्लबांसाठी. म्हणजे नाचणाऱ्या माणसाला जास्त वेळ हवा होता म्हणून तबकडीच मोठी झाली.

आणि आपण? टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं, जुलैत रील्स आलं, सुरुवातीला पंधरा सेकंदांचंच होतं. तिकडं स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, एकतिसाव्या सेकंदाला तुम्ही गेलात तरी हिशोबाला फरक नाही. मग गाणं करणाऱ्यानं मिनिटभर ठेका कशाला वाजवायचा? तो हुकच पहिल्यांदा टाकतो. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही, त्याला पोट आहे. पूर्वी तबकडीच्या मापानं गाणं व्हायचं, आता अंगठ्याच्या मापानं होतं.

आणि हे थांबायचं वगैरे काही फॉरेनवरून आलेलं नाहीये हां. ढोलताशा घ्या. आधी ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, सुटते. ढोलवाले टिपरू वर धरून उभे, ध्वज थांबलेला, आणि तो ताशेवाला तर्री वाढवतोय, वाढवतोय, अजून पडत नाही, अजून पडत नाही, तुमच्या पोटात गोळा येतो, आणि मग एकदम चाळीस-पन्नास ढोल. इंग्रजीत ज्याला बिल्डअप आणि ड्रॉप म्हणतात ते हेच, लक्ष्मी रोडला उभं राहून बघितलंय आपण सगळ्यांनी. आता ह्यातली तर्री काढून टाका आणि नुसते ढोल वाजवा. मग उरतो तो गोंगाट, बाकी काही नाही. गोंधळ तर रात्रभर चालतो आमच्याकडं, संबळ पहिल्या तासाला वेगळा आणि पहाटे वेगळा. पहाटेचा तुकडा संध्याकाळी सातला वाजवला तर देवीसुद्धा अंगात यायची नाही.

बरं, गावातच असं आहे म्हणाल तर तसंही नाही. सध्या मी पुण्यात असतो, ऑफिसातली पोरं एका क्लबात घेऊन गेली, नाव सांगत नाही, एंट्रीलाच एवढे पैसे घेतले की तेवढ्यात आमचा उस्ताद दोन हळदी वाजवायचा. डीजे मात्र खरंच चांगला होता, म्हणजे इथला डीजे म्हणजे माणूस बरं का. सावकाश चढवत होता, चाळीस मिनिटं त्यानं एकही ओळखीचं गाणं लावलं नाही. आणि फ्लोअरवर काय, एक जण मोबाईलवर मोठ्या अक्षरात गाण्याचं नाव टाईप करून ती स्क्रीन डीजेच्या तोंडासमोर धरतोय. तो मान हलवतोय, हा परत धरतोय. धुराचा फवारा सुटायच्या आधी दोन सेकंद सगळे हात वर, प्रत्येक हातात फोन, फवारा सुटला, शूट झालं, हात खाली, आणि पुढची पाच मिनिटं सगळे माना घालून तेच बघतायत, स्टोरी टाकतायत. ड्रॉप वाजला तेव्हा फ्लोअरवर सगळे कॅमेरामन होते, नाचणारं कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, मीपण टाकली एक स्टोरी. सत्तावीस लोकांनी बघितली, त्यात सासरे.

आमचा एक मित्र बर्लिनला असतो, तो सांगतो तिथं बेर्गहाइन म्हणून जो क्लब आहे तिथं दारातच मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. म्हणजे टिकलीच हो! टिकली लावायची आणि आत जायचं, फोटो काढला तर बाहेर. तो पहिल्यांदा गेला तेव्हा अर्धा तास त्याला हातांचं काय करायचं तेच कळेना म्हणे. मला ही टिकलीची आयडिया फार आवडली, पण आपल्याकडं हळदीत कुणी लावायला गेलं तर नवरीची मैत्रीणच त्याला हळदीच्या टोपात बुडवेल. आणि कॅमेऱ्यानं वाटोळंच केलं असंही नाही, २०१० ला लंडनमध्ये बॉयलर रूम, म्हणजे डीजेचं वाजवणं इंटरनेटवर थेट दाखवणारं चॅनल, सुरू झालं ते भिंतीला एक वेबकॅम चिकटवून, त्यामुळं माझ्यासारख्यानं कराडात बसून लोक तिकडं कसं वाजवतात ते बघितलं. अख्खा तास-तास बघितलं, नेट अडकत अडकत. तेव्हा तो कॅमेरा कोपऱ्यात असायचा आणि लोक त्याला विसरायचे.

आणि इंटरनेटला शिव्या घालायच्याच असतील तर चरणजित सिंगांचं नाव घेऊन मग घालाव्यात. मुंबईचा माणूस, हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन, ८०८, ३०३ आणि ज्युपिटर ८, भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. पुढं १९८७ ला शिकागोत त्याच ३०३ मधून तसाच चिवचिवता आवाज काढला आणि जगात ॲसिड हाऊस नावाचा क्लबातल्या संगीताचा प्रकार सुरू झाला. एका डच माणसाला ती जुनी रेकॉर्ड दिल्लीत सापडली, त्यानं २०१० मध्ये ती पुन्हा काढली, आणि इंटरनेटवर जगभरची पोरं येडी झाली, की हे शिकागोच्या आधी पाच वर्षं मुंबईत झालंय? पार सत्तरी ओलांडलेल्या माणसाला युरोपात वाजवायला बोलावलं. २०१५ ला ते गेले. आता हे यूट्यूब नसतं तर मला कुठून कळलं असतं? त्यांची भैरवी मी हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, आम्ही फ्रूटीवर जे काय करत होतो ते ह्या माणसानं आम्ही जन्मायच्या आधी हातानं करून ठेवलंय.

म्हणून माझं भांडण ट्रेंडशी नाही, मोबाईलशी तर नाहीच, आजचं एखाद्या जळगावकडच्या पोराचं मराठी गाणं पंजाबात आणि बंगालमध्ये नाचलं जातं ते रीलमुळंच, आमच्या काळात ते स्टँडसमोरच्या दुकानाच्या पुढं गेलं नसतं. रीलमध्ये तुकडा येऊ दे की, जाहिरात म्हणून ठीक आहे. पण मांडवात, जिथं माणसं चार तास नाचायला आलीयत, जनरेटर भाड्यानं आणलाय, रस्ता अडवलाय, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड केलीय, तिथंसुद्धा तुम्ही पंचवीस सेकंदाला बदलणार असाल तर एवढी भिंत कशाला उभी करायची? मोबाईलच टांगा मांडवाला.

तर त्या हळदीचं राहिलंच. दहाला हवालदार आले, कायद्यानं दहाला बंद म्हणजे बंद, वरात बिरात काही ऐकलं नाही. बॉक्स उतरवायला लागले. मी त्या उलट्या टोपीवाल्या पोराला वायरी गुंडाळायला मदत करत होतो, जुन्या पद्धतीनं, एक वेढा सरळ एक उलटा, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही. ते बघून पोरगं म्हणालं, दादा, तुम्ही लाईनीतले का? मी म्हटलं होतो. मग म्हटलं भावा, एवढं कापून का लावतोस रे? तर म्हणाला, "तीस सेकंदाच्या वर गेलं की बाटली येते अंगावर, दादा. पार्टी बोलते, पुढचं लाव."

मग जरा इकडंतिकडं बघितलं त्यानं, टेम्पोच्या केबिनमध्ये चढला, मलापण घेतलं आणि हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. हे मी केलंय म्हणाला, कुठं वाजवत नाय. स्क्रीनवर बघितलं, सहा मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवातीला नुसता ठेका. मग हलगी, लांबून यावी तशी, एका कानातून. ठेका, हलगी. मिनिट झालं, दीड मिनिट झालं, ठेका आणि हलगी, जरा जरा जवळ येतेय असं वाटत होतं. माझ्या खिशात फोन वाजला, बायको, जेवायला बसताय का विचारायला. मी हेडफोन काढायला हात वर केला तर पोरानं माझा हात धरला.

"थांबा दादा, अजून आलं नाय."

बाहेरून ड्रायव्हर ओरडत होता, चल लका, उद्या इस्लामपूर हाय. पोरानं काच वर केली.