मोल्दोव्हाची निवडणूक ‘बाहेरच्यांनी चोरली’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मोल्दोव्हाच्या २०२४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीवरचा एक मेसेज अजूनही वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : देशातल्या जनतेने राष्ट्राध्यक्ष माया सांडू यांना हरवलं होतं पण परदेशात राहणाऱ्यांच्या मतांवर त्यांना जिंकवलं, रशियाने हस्तक्षेप केला ही युरोपची बोंब आहे, युरोपधार्जिणी राष्ट्राध्यक्ष निवडली म्हणून रशियाने गॅस आणि बाजारपेठ बंद केली, दुसरा उमेदवार आला असता तर देश परत रशियाकडे गेला असता आणि सगळं स्वस्त झालं असतं, आणि आता हा देश नेटोत जाऊन दुसरा युक्रेन होणार. आपल्याकडे बऱ्याच जणांना हे पटतं कारण मोल्दोव्हा कुठे आहे हेच धड माहीत नसतं. रोमानिया आणि युक्रेनच्या मधे अडकलेला, साधारण २४-२५ लाख वस्तीचा, १९९१ ला सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडलेला देश. २०२२ च्या युद्धात दक्षिण युक्रेनमधून सुटलेली आपली काही मेडिकलची पोरं याच देशातून रोमानियाला गेली आणि तिथून विमानाने घरी आली, आपला संबंध एवढाच. पण म्हणून तिथल्या लोकांच्या मतदानाबद्दल काहीही पुढे ढकलायचं का? एकेक मुद्दा घेतो.

“देशातल्या जनतेने सांडूंना हरवलं होतं”

यातला आकडा खरा आहे, तो लपवायची गरज नाही. ३ नोव्हेंबर २०२४ च्या दुसऱ्या फेरीत देशाच्या आत पडलेली मतं बघितली तर त्यांचे प्रतिस्पर्धी अलेक्सांद्र स्तोयानोग्लो थोडे पुढे होते, साधारण ५१ विरुद्ध ४९. परदेशातून आलेल्या मतांत सांडूंना सुमारे ८३ टक्के मिळाली आणि एकूण निकाल ५५ विरुद्ध ४५ असा लागला. आता यात चोरी कुठे झाली ते सांगा. परदेशात राहणारा मोल्दोव्हाचा नागरिक हा नागरिकच आहे, त्याचा मतदानाचा हक्क सांडूंनी काल-परवा दिलेला नाही, आधीच्या निवडणुकांतही हे लोक मत देतच होते. २०१६ ला तर उलटं झालं होतं, तेव्हा परदेशातल्या काही केंद्रांवर मतपत्रिकाच संपल्या, रांगेत उभे असलेले लोक मत न देता परत गेले, आणि रशियाशी जवळीक सांगणारे इगोर दोदोन सुमारे ५२ टक्क्यांनी जिंकले, हरल्या त्या सांडूच. घटनात्मक न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि दोदोन चार वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले. नियम तेच होते, फक्त तेव्हा हा मेसेज लिहिणाऱ्यांना ते चालले.

आणि हे लोक बाहेर का गेले तेही बघा ना. २०१४ ला तिथल्या तीन बँकांमधून सुमारे १ अब्ज डॉलर गायब झाले, देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढे पैसे. गावंच्या गावं इटलीत, जर्मनीत, रोमानियात, इंग्लंडमध्ये राबायला गेली, घरी म्हातारे आईबाप आणि नातवंडं, आणि महिन्याला येणारे पैसे. ज्यांच्या पैशावर घर चालतं त्यांना ‘बाहेरचे’ म्हणायचं हे मला तरी अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे परदेशातल्या भारतीयाला मत द्यायला भारतात यावं लागतं म्हणून आपल्याला हे विचित्र वाटत असेल, पण कितीतरी देशांत वकिलातीत जाऊन मत देता येतं.

‘ती स्वतःच्या देशाची राष्ट्राध्यक्ष नाही’ हे सांडूंबद्दलचं वाक्य निवडणुकीनंतर लगेच क्रेमलिनचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव्ह यांच्याकडून आलं होतं. मेसेज त्याचाच अनुवाद आहे, वेगळं संशोधन नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. रशियात तेव्हा फक्त २ मतदान केंद्रं होती, दोन्ही मॉस्कोत. २०२० ला १७ होती. सुरक्षेचं कारण दिलं गेलं, पण एवढ्या मोठ्या देशात एवढे मोल्दोव्हन असताना दोनच केंद्रं ही नागरिकांवर अडचण आहेच आणि त्यावरची तक्रार रास्त आहे. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनीही मतदान नीट पार पडलं म्हणताना सगळ्या उमेदवारांना समान संधी मिळाली नाही असं नोंदवलं. पण निकाल त्याने बदलला असता का? एका परदेशी केंद्राला जास्तीत जास्त ५,००० मतपत्रिका मिळतात, १७ केंद्रं पूर्ण भरली आणि एकूणएक मत स्तोयानोग्लोंना गेलं असं धरलं तरी ८५ हजार होतात, आणि सांडूंची आघाडी होती जवळपास १ लाख ७९ हजारांची. हिशोब बसत नाही. २० ऑक्टोबरला पहिल्या फेरीसोबत जे युरोपीय संघावरचं सार्वमत झालं, म्हणजे संघात जायचं ध्येय राज्यघटनेत लिहायचं का यावरचं, त्याबद्दल हा प्रश्न विचारला तर तो जास्त खरा आहे, कारण तिथे ‘हो’ची बाजू साधारण १० हजार मतांनीच पुढे होती, ५०.३५ टक्के. पण मग दुसऱ्या बाजूने काय चाललं होतं तेही त्याच दमात बोलायला लागेल.

“रशियाने काही केलं नाही, ही सगळी युरोपची बोंब”

इलान शोर हे नाव लक्षात ठेवा. त्या बँक घोटाळ्यात १५ वर्षांची शिक्षा झालेला माणूस, शिक्षा गैरहजेरीत कारण हा आधीच पळालेला, आता बस्तान मॉस्कोत. या माणसाने टेलिग्रामवर उघडपणे सांगितलं की सार्वमतात ‘नाही’ म्हणणाऱ्यांना आणि इतरांना तसं करायला लावणाऱ्यांना पैसे देतो. उघडपणे, कुणी चोरून रेकॉर्ड केलेलं नाही. तिथल्या पोलीस प्रमुखांनी मतदानाआधी सांगितलं की १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांपर्यंत रशियातल्या एका सरकारी बँकेतून पैसे पोचवले गेलेत, एकट्या सप्टेंबर महिन्यात दीड कोटी डॉलर. त्याआधी एप्रिलमध्ये मॉस्कोतल्या शोरच्या मेळाव्यावरून परतणाऱ्या प्रवाशांकडून राजधानी किशिनाऊच्या विमानतळावर १० लाख डॉलरच्या वर रोकड पकडली, प्रत्येकाने खिशात मर्यादेच्या जरा खाली ठेवलेली.

पोलीस सरकारचे आहेत म्हणून आकडे फुगवलेले असतील असं म्हणता येईल, ठीक आहे, अर्धे करा. अर्धे केले तरी १० हजारांच्या फरकाने ठरलेल्या सार्वमतात तो आकडा सहापट पडतो. म्हणजे मोल्दोव्हाची निवडणूक पैशाने फिरवायचा प्रयत्न झालाच, पण तो ज्या दिशेने झाला ती दिशा मेसेजमध्ये उलटी लिहिली आहे.

मात्र सांडूंच्या विरोधात पडलेलं प्रत्येक मत विकत घेतलेलं होतं असं म्हणणारे युरोपवाले सुद्धा चूकच. २०२२ मध्ये तिथे महागाई ३० टक्क्यांच्या वर गेली होती, न्यायव्यवस्था साफ करायचं वचन रखडलं होतं, आणि स्तोयानोग्लो हे तर महाभियोक्ता, म्हणजे देशाचे मुख्य सरकारी वकील, असताना काढले गेलेले, त्या प्रकरणात त्यांना दाद मागू दिली नाही म्हणून युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मोल्दोव्हालाच दोषी धरलं. लोकांचा राग खरा होता.

“युरोपधार्जिणी राष्ट्राध्यक्ष निवडली म्हणून रशिया रागावला”

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो ऐकायला अगदी समजूतदार वाटतो. मोठ्या शेजाऱ्याला डिवचलं तर तो चिडणारच ना, असं. पण क्रम बघा.

२००१ ला मोल्दोव्हात सत्तेवर आले व्लादिमीर व्होरोनिन, कम्युनिस्ट पक्षाचे, रशियाशी जवळीक करू असं सांगून जिंकलेले. युरोपचा माणूस म्हणायला कुठेच जागा नाही. २००३ ला पुतिन यांचे सहकारी द्मित्री कोझाक यांनी ट्रान्सनिस्ट्रियाचा प्रश्न सोडवायचा एक मसुदा आणला, म्हणजे नदीपलीकडची ती पट्टी जी १९९२ च्या लढाईपासून किशिनाऊच्या ताब्यात नाही आणि जिथे रशियन सैन्य बसलंय. मसुद्याप्रमाणे देश संघराज्य होणार, त्या पट्टीला देशाच्या निर्णयांत अडवायचा अधिकार मिळणार आणि रशियन सैन्य आणखी बरीच वर्षं राहणार. पुतिन सहीसाठी यायच्या तयारीत होते आणि अगदी शेवटच्या घटकेला व्होरोनिन यांनी नाही म्हटलं. तिथून संबंध बिघडले, आणि २००६ ला रशियाने मोल्दोव्हाच्या वाईनवर बंदी घातली, कारण दाखवलं गुणवत्तेचं. त्या वेळी मोल्दोव्हाची बहुतांश वाईन रशियातच जायची, हजारो द्राक्षबागायतदार एका फटक्यात उघड्यावर आले. नाशिक-सांगलीकडच्या कुणालाही विचारा, निर्यातीचा माल ऐनवेळी अडकला म्हणजे काय होतं.

तेव्हा सांडू राजकारणात सुद्धा नव्हत्या.

पुढे २०१३ ला परत वाईनबंदी, कारण त्या नोव्हेंबरमध्ये मोल्दोव्हा युरोपीय संघाशी करार पक्का करणार होता. रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान रोगोझिन किशिनाऊत येऊन हिवाळ्याची आणि ऊर्जेची आठवण करून देऊन गेले, गारठू नका अशा अर्थाचं बोलून. २०१४ ला करारावर सही झाली आणि पाठोपाठ फळांवर बंदी. या प्रत्येक वेळी शेतकऱ्यांना दुसरा बाजार शोधावा लागला, आणि तो युरोपात मिळाला, आज देशाच्या निर्यातीचा मोठा हिस्सा तिकडे जातो. म्हणजे युरोपकडे ढकलण्याचं अर्धं काम रशियानेच केलं, राष्ट्राध्यक्ष कोण होता याच्याशी त्याचा संबंध कमी आणि ‘नाही’ म्हटलं याच्याशी जास्त.

गॅसचंही तेच. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमधून जाणारी पाइपलाइन बंद झाली, ती युक्रेनने करार न वाढवल्यामुळे, हे बरोबर. पण गाझप्रोम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीने त्याआधीच जाहीर केलं होतं की ट्रान्सनिस्ट्रियाला गॅस देणार नाही, कारण मोल्दोव्हाकडे ७० कोटी डॉलरच्या वर थकबाकी आहे. मोल्दोव्हाने परदेशी ऑडिटरकडून हिशोब तपासून घेतला तर मान्य करण्यासारखी बाकी निघाली ८६ लाख डॉलर. तुर्कस्तानकडून येणारा दुसरा मार्ग होता, गाझप्रोमने तोही वापरला नाही. आणि थंडीत हीटर आणि गरम पाणी कुणाचं गेलं? ट्रान्सनिस्ट्रियातल्या लोकांचं, म्हणजे रशियाला आपला मानणाऱ्यांचं. किशिनाऊच्या बाजूने २०२२ च्या शेवटापासूनच गॅस बाहेरच्या बाजारातून घ्यायला सुरुवात केली होती. ट्रान्सनिस्ट्रियातल्या वीजकेंद्राची स्वस्त वीज मात्र गेली, ती रोमानियातून घ्यावी लागली आणि बिलं वाढली, हा त्रास खरा आहे आणि सामान्य माणसाने तो सोसला.

“दुसरा उमेदवार आला असता तर देश रशियाकडे गेला असता”

एका निवडणुकीने देश एवढा वळत नाही. मोल्दोव्हात सरकार चालवतं ते १०१ जणांच्या संसदेचं बहुमत. राष्ट्राध्यक्ष परदेशात देशाचं प्रतिनिधित्व करतो, सुरक्षा परिषद चालवतो, पंतप्रधानाचं नाव सुचवतो, कायदा एकदा परत पाठवू शकतो, बस. दोदोन यांच्या चार वर्षांत युरोपीय संघाशी असलेला करार मोडला नाही, व्हिसाशिवाय प्रवास सुरूच राहिला. रशियाच्या बाजूला त्यांनी काय मिळवलं तर रशियाच्या पुढाकाराने चालणाऱ्या युरेशियन आर्थिक संघात निरीक्षकाचा दर्जा. त्यांच्या काळात ठरलेलं २० कोटी युरोचं रशियन कर्ज २०२० ला घटनात्मक न्यायालयाने अडवलं, आणि मंत्र्यांच्या नेमणुकांवर किंवा कायद्यांवर सही करायला नकार दिला की त्याच न्यायालयाने त्यांना तेवढ्यापुरतं बाजूला करून सही दुसऱ्याकडून करून घेतली, एकदा नाही, अनेकदा.

दुसऱ्या एका देशाच्या उदाहरणाने अजून स्पष्ट होईल. मोल्दोव्हासारख्याच सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडलेल्या जॉर्जियात २०२४ ला राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली युरोपच्या बाजूच्या होत्या, पण सरकार दुसऱ्यांचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी युरोपीय संघात जाण्याच्या बोलण्यांचा विषय २०२८ च्या अखेरपर्यंत काढणार नाही असं जाहीर केलं आणि लोक रस्त्यावर उतरले तरी राष्ट्राध्यक्षांना ते थांबवता आलं नाही.

मग पद बिनकामाचं आहे का? तसंही नाही. २०२० ला सांडू जिंकल्या तेव्हा संसद त्यांच्या विरोधात होती, त्यांनी न्यायालयीन लढाई करून ती बरखास्त करून घेतली आणि २०२१ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ६३ जागा मिळाल्या. ते बहुमत होतं म्हणून युद्ध सुरू झाल्यावर आठवड्याभरात, ३ मार्च २०२२ ला, युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा अर्ज गेला, जूनमध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि २०२४ च्या जूनमध्ये बोलणी सुरू झाली. राष्ट्राध्यक्षाची ताकद ही अशी, पुढच्या संसदेला वळण देण्यात. स्तोयानोग्लो आले असते तर पुढच्या वर्षाच्या संसद निवडणुकीचा रंग बदलला असता. पण ते स्वतः तर म्हणत होते की युरोपीय संघ हवाय आणि रशियाशीही संबंध सुधारायचेत, सार्वमतावर तेवढा बहिष्कार घातला होता. त्यांना मॉस्कोचा माणूस ठरवून आनंद मानणाऱ्यांनी त्यांचंही म्हणणं ऐकलेलं दिसत नाही.

“आता नेटो, मग दुसरा युक्रेन”

मोल्दोव्हाच्या राज्यघटनेच्या ११ व्या कलमात देश कायमचा तटस्थ आहे असं लिहिलंय आणि परकीय सैन्य देशात ठेवता येणार नाही असंही. ते कलम आजही तसंच आहे, नेटोसाठी अर्ज केलेला नाही. युरोपीय संघात राहून नेटोत नसलेले ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा आहेतच. त्या कलमाचा भंग करून देशात बसलेलं एकमेव परकीय सैन्य रशियाचं आहे, ते २००२ पर्यंत काढून घेऊ असं रशियाने १९९९ ला इस्तंबूलच्या परिषदेत कबूल केलं होतं आणि आजही साधारण हजार-दीड हजार सैनिक तिथेच आहेत.

२८ सप्टेंबर २०२५ ला संसदेची निवडणूक झाली. सांडूंच्या पक्षाला ५० टक्क्यांच्या थोडी वर मतं आणि ५५ जागा मिळाल्या, आणि या वेळी परदेशातली मतं बाजूला काढली, फक्त देशाच्या आतली मोजली, तरी पहिला नंबर त्यांचाच होता. मॉस्कोत केंद्रं मात्र परत दोनच होती, त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे.